‘परिशिष्ट एफ’ : जोखमीच्या गणिताची एक चिकित्सा

चौकशी आयोगाचे अहवाल वाङ्मय म्हणून वाचण्याचा प्रघात नाही, आणि बहुतेक अहवालांच्या बाबतीत तो नसणे योग्यच होय. त्यांची भाषा अनेकांच्या संमतीने ठरलेली असते. आणि अनेकांना संमत होणारे वाक्य सहसा कोणाचेच नसते. ह्या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत ‘चॅलेंजर’ ह्या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघाताविषयीच्या अहवालाला जोडलेले रिचर्ड फाइनमन ह्यांचे ‘परिशिष्ट एफ’ हे अग्रगण्य मानावे लागेल. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी ते यान सातही प्रवाशांसह नष्ट झाले. माजी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्याच वर्षी जूनमध्ये आपला अहवाल सादर केला. आयोगाचे एक सभासद असलेल्या फाइनमन ह्यांचे स्वतंत्र निरीक्षण मुख्य खंडात समाविष्ट न होता परिशिष्टांत गेले, आणि तेही त्यांनी अहवालावरील स्वतःचे नाव काढून घेण्याची तयारी दाखविल्यानंतर. आज अहवालाचा मुख्य खंड अभ्यासकांखेरीज कोणी उघडत नाही. परिशिष्ट मात्र प्रकल्प-व्यवस्थापनाच्या वर्गांतून जगभर वाचले जाते.

परंतु ते ज्या रीतीने वाचले जाते, तिच्याविषयीच शंका घ्यावयास जागा आहे. प्रकल्प-व्यवस्थापनाच्या पाठ्यग्रंथांनी जोखमीचा विचार तीन पायऱ्यांत बसविला आहे : प्रथम जोखीम ओळखावी, मग तिचे मूल्यमापन करावे, आणि शेवटी तिला द्यावयाचा प्रतिसाद ठरवावा. प्रतिसादांचेही चार प्रकार रूढ झाले आहेत. जोखीम टाळता येते, दुसऱ्यावर सोपविता येते, सौम्य करता येते, किंवा पत्करता येते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील प्रकल्प-व्यवस्थापन संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाने हा क्रम प्रमाणभूत केला आणि शिक्षणक्रमांनी तो जसाच्या तसा उचलला. ‘परिशिष्ट एफ’ ह्या क्रमाचे उदाहरण म्हणून शिकविले जाते. ओळखलेल्या धोक्याचे मूल्यमापन व्यवस्थापकांनी चुकीचे केले, म्हणून प्रतिसाद चुकला, असा त्याचा सारांश विद्यार्थ्याच्या वहीत उतरतो. वस्तुतः ते परिशिष्ट ह्या त्रिसूत्रीचे उदाहरण नाही. तिची ती एक कठोर समीक्षा आहे. आणि त्या समीक्षेलाही स्वतःच्या मर्यादा आहेत, ज्यांची चर्चा त्याच्या चाहत्यांनी क्वचितच केली आहे.

मूळ प्रश्न शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत ‘जोखीम’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही जिवंत आहेत. जोखमीचे काम म्हणजे धोक्याचे काम. पण प्रवासाला निघालेल्या माणसाला ‘जोखीम जवळ बाळगू नका’ असे सांगतात, तेव्हा जोखीम म्हणजे दागिने आणि रोकड : जे गमावण्याची भीती आहे ते मूल्यवान द्रव्यच. धोका आणि ज्याला धोका आहे ती वस्तू ह्यांना भाषेने एकाच शब्दात ठेवले आहे. ह्यामुळे ‘जोखीम कोणाची?’ हा प्रश्न मराठीत आपोआप उभा राहतो. पाठ्यग्रंथांतील जोखीम मात्र निर्गुण आहे. ती एका कोष्टकातील चौकट असते. उभ्या बाजूला संभाव्यता, आडव्या बाजूला परिणामाची तीव्रता, आणि दोहोंच्या गुणाकारानुसार हिरवा, पिवळा अथवा तांबडा रंग. अशा कोष्टकांची गणिती दुर्बलता टोनी कॉक्स ह्यांनी २००८ मध्ये एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिली. अगदी भिन्न आकाराच्या दोन जोखमी तेथे एकाच घरात पडू शकतात, आणि काही परिस्थितींत मोठी जोखीम लहान जोखमीच्या खालच्या घरात जाऊन बसते. त्याच्याही पूर्वी, १९२१ मध्ये, फ्रँक नाइट ह्या अर्थशास्त्रज्ञाने मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता ह्यांत भेद केला होता. कोष्टक हा भेद पुसून टाकते. ज्याची संभाव्यता कोणालाच ठाऊक नाही, त्यालाही तेथे एक अंक मिळतो. आणि एकदा अंक मिळाला, की तो कोठून आला हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही.

फाइनमन ह्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला : अंक कोठून आला? परिशिष्टाचा प्रारंभ कोणत्याही प्रस्तावनेवाचून होतो. यान आणि प्राण गमावण्याची संभाव्यता किती, ह्याविषयी नासाच्या अंतर्गत मतांत प्रचंड तफावत आहे, हे पहिल्याच परिच्छेदात नोंदविले आहे. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरांत एक असा अंदाज देतात; व्यवस्थापक लाखात एक म्हणतात. ह्या दोन आकड्यांतील अंतर हजारपट आहे. येथे सामान्य लेखक आश्चर्य व्यक्त करून पुढे गेला असता. फाइनमन तसे करीत नाहीत. लाखात एक म्हणजे काय, ह्याचे ते काळाच्या मापात रूपांतर करतात : रोज एक याप्रमाणे तीनशे वर्षे याने सोडीत राहावे आणि त्या अवधीत एकच गमवावे, असा त्या आकड्याचा अर्थ होतो. आकडा खोटा आहे असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. त्यांनी तो फक्त अशा भाषेत मांडला, की ज्याने तो सांगितला त्यालाही तो मोठ्याने उच्चारण्याचा संकोच वाटावा. परिशिष्टातील सगळ्या युक्तिवादाची रीत ह्या एका वाक्यात सापडते.

त्यापाठोपाठ प्रत्यक्ष अनुभवाचा आधार येतो. घन इंधनाच्या अग्निबाणांची सुमारे २,९०० उड्डाणे तोपर्यंत झाली होती. त्यांपैकी १२१ फसली होती. म्हणजे अंदाजे पंचविसांत एक. ह्यांत बाल्यावस्थेतील चुका धरल्या आहेत, म्हणून परिपक्व अग्निबाणासाठी पन्नासांत एक धरता येईल. सुट्या भागांची निवड आणि तपासणी विशेष दक्षतेने केली तर शंभरांत एकाच्या खालीही जाता येईल. पण हजारात एक गाठणे उपलब्ध तंत्राने संभवनीय दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ह्या गणितात कोणतेही अवघड सूत्र नाही, शाळेतील मुलाला ते करता येईल. ‘अभियांत्रिकी निर्णयशक्ती’च्या आधारे काढलेला लाखात एक हा आकडा ह्या सोप्या भागाकारापुढे उभा राहत नाही, हे लक्षात आले म्हणजे परिशिष्टाच्या शैलीचे मर्मही उलगडते. पारिभाषिक शब्दांचा वापर कमी, वाक्ये आखूड, विशेषणे जवळजवळ नाहीत. जेथे विरोधकाचा शब्द घ्यावयाचा तेथे तो अवतरणचिन्हांत ठेवून त्याचा अर्थ शांतपणे विचारला आहे.

ह्याचा सर्वोत्तम नमुना ‘सुरक्षितता गुणक’ ह्या संज्ञेच्या परीक्षणात आहे. बूस्टरच्या खंडांमधील सांध्यांत ‘ओ-रिंग’ नावाची रबरी कडी बसविलेली असत. त्यांनी तप्त वायू आतच रोखावयाचा होता. त्यांची झीज होणे मूळ आराखड्यात गृहीतच नव्हते. उड्डाणांतून झीज दिसू लागल्यावर तिचे समर्थन असे केले गेले : एका प्रसंगी झीज कड्याच्या त्रिज्येच्या एकतृतीयांशापर्यंत पोचली होती, प्रयोगात कडे निकामी होण्यासाठी पूर्ण त्रिज्येइतका छेद द्यावा लागला, सबब सुरक्षिततेचा गुणक तीन आहे. फाइनमन येथे पुलाचा दाखला देतात. ठराविक भार पेलण्यासाठी पूल बांधला आणि त्याच्या तिप्पट भाराखालीही तुळईला काही झाले नाही, तर गुणक तीन म्हणता येईल. परंतु अपेक्षित भाराखालीच तुळईला एकतृतीयांश खोलीची भेग पडली, तर तो पूल तिप्पट सुरक्षित नव्हे. त्याचा आराखडाच चुकलेला आहे. भेग तुळईच्या आरपार गेली नाही हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. जे घडावयाचेच नव्हते ते घडले, आणि का घडले हे कोणाला समजलेले नाही, एवढेच तीवरून सिद्ध होते.

हा परिच्छेद केवळ तर्कशुद्ध आहे म्हणून महत्त्वाचा नाही. त्रिसूत्रीची दुसरी पायरी पहिलीला कशी गिळते, हे तो दाखवितो. झीज दिसली, तेव्हा ती ‘ओळखलेली जोखीम’ होती. तिला गुणकाचा अंक मिळाला, आणि त्याच क्षणी ती ‘मूल्यमापन झालेली’, म्हणजे व्यवहारात हिशेबी टाकलेली जोखीम झाली. ओळखण्यात जे अज्ञान कबूल केलेले होते, ते मोजण्यात नाहीसे झाले. प्रत्येक यशस्वी उड्डाणानंतर ह्या अंकाचे वजन वाढत गेले. पिस्तुलाची पहिली चाप ओढल्यावर गोळी सुटली नाही, हे दुसऱ्या वेळी निर्धास्त राहण्याचे कारण होऊ शकत नाही, हा फाइनमन ह्यांचा दाखला ह्याच संदर्भात येतो.

सांध्याचा इतिहास तपासला असता, धोका ‘ओळखला गेला नाही’ असे म्हणण्यास तिळमात्र जागा उरत नाही. नोव्हेंबर १९८१ च्या दुसऱ्याच उड्डाणात झीज आढळली होती. डिसेंबर १९८२ मध्ये त्या सांध्याचा दर्जा बदलून तो ‘क्रमांक एक’च्या वर्गात टाकण्यात आला. दुसऱ्या कड्याचा आधार खात्रीचा नाही, आणि सांधा फसल्यास यान व प्राण दोन्ही जातील, असा त्या वर्गाचा अर्थ होता. मार्च १९८३ मध्ये त्या अटीला रीतसर सूट देऊन उड्डाणे चालू ठेवली गेली. जानेवारी १९८५ मध्ये ५३ अंश फॅरनहाइट इतक्या थंड सांध्यासह यान उडाले आणि दोन कड्यांच्या मध्ये काळी काजळी सापडली. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील उड्डाणात एका नळकांड्याच्या सांध्यातील पहिले कडे पूर्ण फसले होते. त्यानंतर जुलैमध्ये ‘उड्डाण-प्रतिबंध’ लावण्यात आला, आणि पुढच्या प्रत्येक उड्डाणापूर्वी तो उठविण्यातही आला. ३१ जुलै १९८५ रोजी ‘मॉर्टन थायोकॉल’ ह्या कंत्राटदार कंपनीतील अभियंता रॉजर बोजोली ह्याने वरिष्ठांना लेखी कळविले, की सांध्याचा प्रश्न तातडीने सोडविला नाही तर मनुष्यहानीसह भयंकर अनर्थ ओढवेल. ऑक्टोबरमध्ये त्याचा सहकारी बॉब एबलिंग ह्याने लिहिलेल्या टिपणाचा पहिला शब्दच ‘मदत!’ असा होता.

ह्या घटनाक्रमात एक नोंद अशी आहे, की जिच्यावर पाठ्यग्रंथांनी एक प्रकरण खर्च करावे. सांध्याच्या समस्येची नोंद समस्या-नोंदवहीत होती. ती ‘खुली’ राहिली, म्हणजे प्रत्येक उड्डाणाच्या वेळी तिच्याविषयी लिहावे लागे, सूट मागावी लागे. १९८५ च्या डिसेंबरात कंत्राटदाराकडून ती बंद करण्याची विनंती गेली, आणि २३ जानेवारी १९८६ रोजी, अपघाताच्या पाच दिवस आधी, नोंदवहीत ती बंद झाल्याचा शेरा पडला. सांधा तोच होता, कडी तीच होती. बदलला तो केवळ कागद. जोखीम-नोंदवही हे साधन आज प्रत्येक मोठ्या प्रकल्पात सक्तीचे असते आणि तिच्यातील ‘बंद’ नोंदींची संख्या प्रगतीचे मान समजली जाते. नोंद बंद होणे आणि धोका संपणे ह्या दोन भिन्न घटना आहेत, ही गोष्ट लिहून काढल्यास क्षुल्लक वाटते; चॅलेंजरच्या कागदपत्रांत मात्र दोहोंतील अंतर दिवसांत मोजता येते.

२७ जानेवारीच्या रात्रीची दूरध्वनी-परिषद इतक्या वेळा वर्णिली गेली आहे, की तिच्या तपशिलात पुन्हा शिरण्याचे प्रयोजन नाही. पहाटे कडाक्याची थंडी पडणार होती. थायोकॉलच्या अभियंत्यांनी तेरा तक्ते पाठवून ५३ अंशांखाली उड्डाण नको अशी शिफारस केली. मार्शल केंद्राच्या अधिकाऱ्यांनी तिला तीव्र हरकत घेतली, कंपनीने आपसांत बोलण्यासाठी काही मिनिटे मागून घेतली, त्या अवधीत एका वरिष्ठाने अभियंता-विभागप्रमुखास अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालण्यास सांगितले, शिफारस फिरली. केप कॅनॅव्हरलला हजर असलेल्या अ‍ॅलन मॅकडोनल्ड ह्या कंपनीच्या प्रतिनिधीने सही करण्यास नकार दिला, तेव्हा सही दुसऱ्याकडून आली. उड्डाणाच्या वेळी हवेचे तपमान ३६ अंश होते; पूर्वीच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षा ते १५ अंशांनी कमी होते.

टीकाकाराच्या दृष्टीने त्या रात्रीचा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : पुराव्याचे ओझे कोणावर होते? एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंत्राटदारावर असे. त्या रात्री अभियंत्यांना ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्यास सांगितले गेले. आणि ५३ अंशांखालची माहितीच अस्तित्वात नसल्यामुळे ते त्यांना शक्य नव्हते. माहितीचा अभाव हेच मुळी उड्डाण न करण्याचे कारण होते. उलटलेल्या प्रश्नाने त्या अभावाचे रूपांतर उड्डाणाच्या अनुकूल पुराव्यात केले. ह्यानंतर संभाव्यतेचे कितीही सूक्ष्म गणित मांडले असते तरी त्याचा उपयोग झाला नसता.

तक्त्यांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. कारण ह्या ठिकाणी पुढील समीक्षकांत खडाजंगी झाली आहे. अभियंत्यांनी झीज झालेल्या उड्डाणांची तपमाने पाहिली, झीज न झालेल्यांची एकत्र मांडली नाहीत. रॉजर्स आयोगाने दोन्ही एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले : ६६ अंश वा त्याहून अधिक तपमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ ३ मध्ये कड्यांना इजा झाली होती, त्याखालच्या चारही उड्डाणांत ती झाली होती. १९८९ मध्ये दलाल, फाउल्क्स आणि होडली ह्या संख्याशास्त्रज्ञांनी ह्याच माहितीवरून ३१ अंशांना सांधा पूर्णपणे निकामी होण्याची संभाव्यता निदान १३ टक्के असल्याचे दाखविले. एडवर्ड टफ्टी ह्यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात पुढचे पाऊल टाकून, योग्य आलेख काढला असता तर यान उडाले नसते, असे सूचित केले आणि दोष अभियंत्यांच्या आलेखनकलेवर ठेवला. हे मत आकर्षक आहे, म्हणूनच वर्गांत लोकप्रिय आहे. पण ते टिकत नाही. बोजोली ह्याच्यासह काही अभ्यासकांनी २००२ मध्ये त्याचे खंडन केले. अभियंत्यांजवळ त्या रात्री सर्व तपमाने संकलित नव्हती. त्यांनी ती मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. शिवाय टफ्टी ह्यांच्या आलेखात कड्यांचे तपमान आणि हवेचे तपमान ह्यांची सरमिसळ झाली आहे. निकाल लागल्यानंतर काढलेला आलेख नेहमीच सुबक असतो. ज्यांनी धोका ओळखला, पत्रे लिहिली आणि ‘नको’ म्हटले, त्यांनाच अपुऱ्या आलेखाबद्दल दोषी ठरविणे हा समीक्षेतील अन्याय होय.

टफ्टींहून अधिक वजनाची टीका डायेन व्हॉन ह्या समाजशास्त्रज्ञेची आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या विस्तृत ग्रंथाचा प्रतिपाद्य विषय असा, की त्या निर्णयात कोणी नियम मोडलेच नाहीत. प्रत्येक झीज रीतसर तपासली गेली, प्रत्येक सूट नियमानुसार दिली गेली, आणि अपवाद हळूहळू नित्याचा झाला. ह्या प्रक्रियेला तिने ‘विचलनाचे सामान्यीकरण’ असे नाव दिले. ह्या दृष्टीने पाहता फाइनमन ह्यांच्या परिशिष्टातील दरी, एका बाजूस प्रामाणिक अभियंते आणि दुसऱ्या बाजूस स्वप्नाळू व्यवस्थापक, ही बरीच ढोबळ ठरते. झीज ‘स्वीकारार्ह’ ठरविणाऱ्या कागदांवर अभियंत्यांच्याही सह्या होत्या. फाइनमन ह्यांना ह्याची अजिबात कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. व्यवस्थापकांच्या आशावादाची दोन कारणे ते शेवटी सुचवितात, एक सरकारकडून पैसा मिळत राहावा ही इच्छा, आणि दुसरे, आपले अंदाज खरे आहेत असा त्यांचा मनःपूर्वक विश्वास. पण ह्या दुसऱ्या शक्यतेच्या मुळाशी ते जात नाहीत. दोघांमध्ये संवादाचा अविश्वसनीय अभाव होता एवढे नोंदवून थांबतात. व्हॉनच्या ग्रंथाने दाखविले ते असे, की संवाद अखंड चालू होता. बिघाड त्याच्या भाषेत होता.

असे असले तरी व्हॉनचे प्रतिपादन जसेच्या तसे स्वीकारणेही कठीण आहे. सामान्यीकरणाची प्रक्रिया इतकी सर्वव्यापी मानली, की मॅकडोनल्ड ह्याने सही का नाकारली हे अनाकलनीय होते. तोही त्याच संस्कृतीत वाढला होता, त्याच कागदांवर काम करीत होता. ‘नको’ म्हणणाऱ्या माणसांचे स्पष्टीकरण ज्या उपपत्तीला देता येत नाही, तिने ‘हो’ म्हणणाऱ्यांना दिलेली सूट संशयास्पद राहते. फाइनमन ह्यांची नैतिक दृष्टी ढोबळ असेल; पण जबाबदारीचा प्रश्न ती नजरेआड होऊ देत नाही.

धोक्याची माहिती प्रत्यक्षात कशी प्रवास करते, ह्याचे एक उदाहरण आयोगाच्या इतिहासातच आहे. ११ फेब्रुवारी १९८६ च्या जाहीर सुनावणीत फाइनमन ह्यांनी रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडविला आणि थंड रबर पूर्वीसारखे उसळून येत नाही हे दाखविले. ही कल्पना त्यांना सुचली ती आयोगाचे दुसरे सभासद जनरल डोनाल्ड कुटिना ह्यांच्या सूचक बोलण्यावरून. आणि कुटिना ह्यांना तपमान व लवचिकता ह्यांच्या नोंदींचा कागद दिला होता सॅली राइड ह्या अंतराळवीर सभासदेने, हे तिच्या २०१२ मधील मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. खुद्द आयोगाच्या सभासदालाही आपल्या संस्थेतील कागद हातोहात, नावावाचून पुढे सरकवावा लागला. धोका ‘ओळखणे’ ही कोष्टकातील पहिली रिकामी जागा भरण्याची क्रिया असती तर ह्याची गरज पडली नसती. ओळखणाऱ्याला काही गमवावे लागते. त्याच्यापुरती ती स्वतःच एक जोखीम असते.

तिसऱ्या पायरीविषयी, म्हणजे प्रतिसादाविषयी, परिशिष्ट बरेच मोघम आहे. हा त्याचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. यानाच्या कुवतीविषयी आणि खर्चाविषयी सरकारला व नागरिकांना खरे सांगावे, उड्डाणांचे वेळापत्रक वास्तव असावे, ह्यापलीकडे त्यात फारसे काही नाही. प्रत्यक्षात नासाने प्रतिसाद दिला. सांध्याचा आराखडा बदलला, तिसरे कडे घातले, सांधा उबदार ठेवण्यासाठी तापक बसविले, आणि २९ सप्टेंबर १९८८ रोजी याने पुन्हा उडू लागली. तो सांधा त्यानंतर कधी फसला नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ कोसळले ते बाहेरच्या टाकीवरून निखळलेल्या फेसाच्या तुकड्याने डाव्या पंखाची कड फोडल्यामुळे. त्यात कल्पना चावला हिच्यासह सातजण मृत्यू पावले. फेस निखळणे हीही जुनी, ओळखलेली, नोंदलेली आणि नित्याची झालेली बाब होती. यान कक्षेत असताना पंखाची छायाचित्रे मिळवावीत ही अभियंत्यांची विनंती मान्य झाली नाही. त्या अपघाताच्या चौकशी-मंडळावर सॅली राइड पुन्हा होती, आणि दोन अपघातांतील साम्य मंडळाच्या अहवालात विस्ताराने मांडले गेले. २०११ मध्ये शेवटचे उड्डाण झाले तेव्हा एकूण १३५ उड्डाणांत दोन याने गेली होती. लाखात एक नव्हे. अभियंत्यांचा शंभरांत एक हा अंदाजच वास्तवाच्या जवळ निघाला. दुसऱ्या अपघातात सांध्याचा काहीच संबंध नव्हता. म्हणजे एका नोंदीला दिलेला चोख प्रतिसाद नोंद करणाऱ्या यंत्रणेला स्पर्शही न करता पूर्ण होऊ शकतो.

परिशिष्टात प्रतिसादाविषयी काही मोलाचे असेलच, तर ते वर्गांतून सहसा गाळल्या जाणाऱ्या भागात आहे. यानाच्या संगणकांविषयीचा तो भाग आहे. तेथे फाइनमन स्तुती करतात, आणि स्तुती करणारा फाइनमन उद्धृत करण्यास तितकासा सोयीचा नसतो. यंत्रे जुनाट होती, सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची. परंतु आज्ञावली तपासण्याची पद्धत अशी होती, की लहान तुकड्यापासून आरंभ करून एकेक थर तपासीत संपूर्ण रचनेपर्यंत यावयाचे. आणि त्यानंतर एका स्वतंत्र गटाने, जणू आपण माल विकत घेणारे परके गिऱ्हाईक आहोत अशा वृत्तीने, तिच्यात चुका शोधावयाच्या. ह्या अखेरच्या तपासणीत चूक सापडणे ही गंभीर घटना समजली जाई. ती कोठून शिरली ह्याचा माग घेतला जाई. इतक्या वर्षांच्या कामात अशा चुका सुमारे सहा वेळाच सापडल्या होत्या. येथे जोखमीला कोणी अंक दिलेला नव्हता, कोष्टक नव्हते, रंग नव्हते. होती ती विरोध करण्यासाठीच नेमलेली आणि त्यासाठीच पगार घेणारी माणसे. त्यांच्या ‘नको’ला धैर्याची गरज नव्हती, ते त्यांचे रोजचे काम होते. सांध्याच्या बाबतीत बोजोली आणि मॅकडोनल्ड ह्यांना जे स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडण्याच्या तयारीने करावे लागले, ते येथे कार्यपद्धतीतच समाविष्ट होते.

अशी व्यवस्था नीट चालली म्हणजे तिचे फळ दिसत नाही, ही तिची अडचण आहे. चुका सापडत नाहीत, म्हणून तपासणी निरुपयोगी वाटते. परिशिष्ट लिहिले जात होते त्या सुमारासच व्यवस्थापनाकडून अशी सूचना आली होती, की इतक्या उशिरा ह्या खर्चिक चाचण्यांची आवश्यकता उरलेली नाही, त्या कमी कराव्यात. फाइनमन ह्यांनी त्या सूचनेची नोंद घेऊन तिला विरोध केला आहे. आज्ञावलीच्या एका भागातील लहानशा बदलाचे दुसऱ्या भागावर किती सूक्ष्म परिणाम होतात, ह्याची जाणीव त्या सूचनेत नाही, असे कारण त्यांनी दिले आहे. उड्डाणांचे वेळापत्रक सांभाळण्यासाठी सांध्याविषयीच्या अटींना जी सूट दिली गेली, तिचे समर्थनही ह्याहून वेगळे नव्हते.